राहत्या घराचं ओलीत

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या उन्हाळ्यात मी माझ्या राहत्या घराचं ओलीत केलं.

लोक कपाशीला पाणी देतात, हरभऱ्याला देतात, दारातल्या लिंबाला देतात. घराला पाणी देणारा माणूस आमच्या बाभुळगाव तालुक्यात माझ्याआधी झाला नाही, आणि माझ्यानंतरही कोणी व्हायची हिंमत केली नाही. आता तुम्ही म्हणाल, बुढा असं कायले करील? तेच तर सांगतो. मी करत होतो ते बरोबर उलटं काम. मी घरापासून पाणी दूर नेत होतो! (माझ्या मनात तरी.)

आमचं घर काळ्या मातीवर उभं आहे. ज्यांना ही माती माहीत नाही त्यांना सांगतो, ही रुसक्या जावयाच्या स्वभावाची असते. पाणी मिळालं की फुगते, नाही मिळालं की तडकते. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हातातली काठी घातली तर मुठीपर्यंत आत जाते. आणि पावसाळ्यात तीच माती फुगून वर येते आणि घराला खालून खांदा देते. (खांदा कोणाला देतात ते तुम्हाला माहीतच आहे.)

बाकी घर शाबूत होतं. ते मी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, म्हणजे त्यात चूक असणं शक्यच नव्हतं. भानगड होती ती फक्त मागच्या खोलीची. ती नंतर जोडलेली, तिचं जोतं बुटकं, आणि तिला एकच दार, तेही मागच्या अंगणात उघडणारं. त्या खोलीत माझी बायको वच्छला झोपते. दर पावसाळ्यात भिंत खालून ओल धरायची, ओल कंबरेइतकी वर चढायची, आणि भिंत ओली झाली की वच्छलाचा उजवा खांदा धरायचा. दारही अडकायचं. दार मात्र असं की पाहत राहावं! अस्सल सागाचं. तिच्या बापानं घाटंजीकडून बैलगाडीत घालून आणून दिलेलं. खोलीपेक्षा दार भारी आहे असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

ओलीवर माझं एकच औषध होतं. दसरा आला की भिंतीला चुना फासायचो.

"पडसं झालेल्या नाकाले पावडर लावून राह्यले तुमी," वच्छला म्हणायची.

मी लक्ष द्यायचो नाही. पण त्या वर्षी अक्षय तृतीयेला तिनं माझ्या ताटात पुरणपोळी वाढली, वर तूप ओतलं, आणि म्हणाली, "मिरगापर्यंत मागच्या भिंतीचं काही झालं तर ठीक. नाही तर मी यवतमाळले सुधाकरकडं जाते. पावसाळा तिकडंच काढीन."

सुधाकर आमचा मुलगा. तिथं कचेरीत नोकरीला आहे.

"अन् पावसाळा झाला की?" मी विचारलं.

"मंग हिवाळा येते," ती म्हणाली आणि अजून तूप ओतलं.

मी पोळी ताटात परत ठेवली. मला शेती येते, बैल येतो, भांडण येतं. चहा येत नाही. आणि तिच्या मागे यवतमाळला जायचं म्हटलं तर सुधाकर राहतो तिसऱ्या मजल्यावर. तिथं खाली थुंकायचं तरी खालच्याला विचारून! आणि खरं सांगू का, चहा हे निमित्त. सकाळी उठल्यावर जिच्याशी भांडायचं तीच घरात नसली, तर माणसानं उठायचं तरी कायले?

मी त्याच दिवशी सुधाकरला फोन लावला.

"बाबा, ते पाणी पायव्यात मुरतं," तो म्हणाला. "घराच्या चारी बाजूंनी नाली पाहिजे. भिंतीला लागून मुरूम भरायचा, चांगला उंच, म्हणजे पाणी भिंतीकडून नालीकडे पळतं. अन् नालीचं तोंड मागच्या नाल्यात सोडायचं. मी मिस्त्री पाठवतो, तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा."

खुर्ची टाकून बसा! ज्या माणसानं अख्खी हयात पाणी इकडून तिकडे नेलं, त्यानं खुर्ची टाकून बसायचं!

मिस्त्री आला. बिचारा बरा माणूस होता. त्यानं पिशवीतून एक लांबलचक पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक माझ्या हातात देऊ लागला.

"हे काय?" मी विचारलं.

"बाबाजी, ढाळ पाह्यतो. कोणती बाजू उंच हाये, कोणती खाली हाये, ते या नळीतल्या पान्यानं समजते."

"माह्या डोळ्यातच ढाळ हाये," मी म्हणालो. "तू चहा घे अन् निघ."

तो चहा प्यायला आणि निघाला. जाताना वच्छलाकडे पाहून त्यानं मान हलवली. आपल्याकडे म्हातारं माणूस दवाखान्यातून घरी परत नेताना हलवतात ना, तशी.

दुसऱ्या दिवसापासून मी फावडा हाती घेतला. टिकास मारायचं, माती सुटी करायची, फावड्यानं ओढायची. उन्हं वर यायच्या आत काम थांबवायचं, उतरली की पुन्हा लागायचं. अंग दुखायचं, पण काम असं देखणं होत होतं की मीच मध्येमध्ये थांबून पाहत राहायचो. घराभोवती गोल नाली. निघालेल्या मातीचा नालीच्या बाहेरच्या कडेनं बांध. बांध पाण्यानं शिंपून, फावड्याच्या पाठीनं थापटून, हात फिरवला तर गालासारखा लागावा असा चोपडा केलेला. एका बाजूला बांधाला माती कमी पडली, तर मी भिंतीजवळची खरवडून घेतली. मुरूम टाकायचा राहिलाच. पण मुरमावाचून काही अडत नाही असं माझं मत होतं. (ते मत आता नाही.)

उताराच्या बाजूला आमचा शेजारी देवराव राहतो. त्याचं अंगण संपलं की नाला. आम्ही दोघं एकाच वर्षी शाळेत गेलो आणि एकाच वर्षी शाळा सोडली, त्यामुळे आमचं शिक्षण बरोबरीचं आहे. तो रोज ओट्यावर बसून माझं काम पाहायचा.

"गनपत," एक दिवस तो म्हणाला, "काम तं खासं करून राह्यला. पन पानी बाहीर कुठून काढशीन बे?"

"इकडूनच. तुह्या अंगनातून."

"मंग इचार ना मले."

"त्यात इचारायचं काय? पानी हाये थे. उताराकडं जाईनच."

"जाईन," देवराव म्हणाला, "पन इचारून जाईन."

आता हे तो हसत म्हणाला असता तरी चाललं असतं. पण त्यानं तंबाखू चोळत म्हटलं, आणि माझं डोकं फिरलं. मी आजवर कोणाच्या शेताच्या धुऱ्यावरून माझी गाडी नेली नाही, कोणाच्या दारात उसनं मागायला उभा राहिलो नाही. मी विचारू? तेही देवरावला?

"नाही इचारत जा!" मी म्हणालो. "पानी जागच्या जागी जिरवीन."

"जिरव मंग."

"जिरवतोच!"

आणि मी नालीचं तोंड बंद केलं. त्या बाजूचा बांध तर मी मुद्दाम जास्तच उंच घातला, देवरावला दिसावा म्हणून.

मग सुरू झाल्या चाचण्या. संध्याकाळी मी नालीत दोन बादल्या पाणी ओतायचो आणि बाजूला उभा राहून पाहायचो. पाणी गायब! पाहता पाहता गायब! मी बादल्या सोडून नळी लावली. नळी तासभर चालली तरी पाणी गायब! मला एवढा आनंद झाला की मी लगेच सुधाकरला फोन केला.

"नाली पास झाली. पानी थांबतच नाही."

"वा! नाल्यात जातंय ना?"

"नाल्यात नाही."

"मग कुठे जातं?"

"जाते."

"अहो बाबा, पण कुठे?"

"गेलं म्हनजे गेलं! गेलेल्याची चौकशी कायले करतो?" मी फोन ठेवून दिला. शिकलेल्या माणसाला समाधान नसतं.

पाणी कुठे जात होतं हे आता शेंबडं पोरही सांगेल. मातीला भेगा पडलेल्या. भेगा सरळ घराखाली गेलेल्या. सकाळी मी फावडा मारून घामाघूम व्हायचो आणि संध्याकाळी घराच्या पायव्याला पोटभर पाणी पाजायचो. पावसाळ्यानं चार महिन्यांत केलं असतं ते मी एकट्यानं, भर वैशाखात, स्वतःच्या बोअरच्या पाण्यानं करत होतो.

आठवडाभरात वच्छला म्हणाली, "अवो, मागचं दार घासून राह्यलं."

"तेल सोड बिजागरीत."

"बिजागरी नाही, चौकट घासते. उन्हाळ्यात कधी घासलं काय हे दार?"

"दाराले काय समजते उन्हाळा का पावसाळा!"

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्यात जास्त शहाणं दार आहे की मी, याचा ती विचार करत असावी.

मिरग तोंडावर आला. एका शनिवारी सुधाकर गाडी घेऊन आला, सोबत सून प्रणिता. भिंत बघायची, आणि भिंतीचा निकाल लागला नाही तर आईला घेऊन जायचं, असा बेत. वच्छलाची पिशवी भरलेली होती. मी पाहिली होती. लुगडी, खांद्याचं तेल, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. अन्नपूर्णा पाहिल्यावर मी समजलो. पावसाळ्यापुरतं जाणारी बाई अन्नपूर्णा घेऊन जात नाही.

म्हणून मी ठरवलं की आज सगळ्यांसमोर नालीचं काम दाखवायचं. नळीबिळी नाही. बोअरची मोटर लावायची आणि मोठा पाइप थेट नालीत सोडायचा. घराभोवती पाणी फिरलं आणि भिंत कोरडी राहिली की वच्छलाची पिशवी रिकामी! मी आळीतल्या चार लोकांना बोलावलं. देवरावला बोलावलं नाही, पण तो त्याच्या ओट्यावर होताच. त्याला काय बोलावणं लागतं!

"तू पन ये पाहायले," मी वच्छलाला म्हणालो.

"मले काय पाहायचं? मी आपली तयारी करते."

"तयारी कायची? तू जाऊन नाही राह्यली."

"थे भिंत सांगन," ती म्हणाली, मागच्या खोलीत गेली, आणि माझ्या तोंडावर दार आपटलं. घासणारं दार बसत नाही, म्हणून तिनं आतून खांद्यानं रेटलं. बसलं. चांगलं बसलं!

मी मोटर सुरू केली.

आहाहा! पाइपातून पाणी धो धो सुटलं आणि नालीत असं निघालं, जणू तिला ओळखत होतं. एक कोपरा वळलं, दुसरा वळलं, घराला फेरी घालून आलं. लोक म्हणाले, "वा वा, गणपतराव!" मी कंबरेवर हात ठेवून देवरावकडे पाहिलं. देवराव तंबाखू मळत होता.

मग दुसरी फेरी झाली. पाणी वर आलं. मी वाट पाहत होतो की नेहमीप्रमाणे आता ते गायब होईल. पण आठवडाभर पाणी पिऊन माती फुगली होती आणि भेगा मिटल्या होत्या. पोट भरलेल्या पाहुण्यासारखी ती नको नको म्हणत होती. पाणी अजून वर आलं. बाहेरचा बांध? अहो, त्याला काय झालंय! मी थापटलेला बांध तो, त्यातून एक थेंब बाहेर गेला नाही. नालीचं तोंड बंद. मग पाण्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जिकडची माती मी खरवडून घेतली होती तिकडे, म्हणजे सरळ भिंतीकडे निघालं.

"बाबा, पाणी घराकडे चाललं!" सुधाकर ओरडला.

"जरा दम धर, वळन थे!"

ते वळलं. मागच्या खोलीकडे वळलं.

"अवो!" आतून आवाज आला. "आत पानी येऊन राह्यलं!"

"कुठून?" मी विचारलं.

"दाराखालून! पाहुनं असल्यासारखं इचारता काय! बंद करा थे!"

मी मोटरकडे पळालो आणि माझ्याच चोपड्या बांधावरून पाय सटकून नालीत बसलो. पाणी छातीला लागलं. (नाली खोल चांगली खणली होती, हे कबूल करा.) मोटर प्रणितानं बंद केली. त्या दिवशी आमच्या घरात बरोबर झालेलं तेवढं एकच काम.

सगळे मागच्या दाराशी धावले. सुधाकरनं ढकललं. मी ढकललं. आळीतल्या लोकांनी मिळून ढकललं. दार हूं की चूं करेना. खालून माती फुगलेली, चौकट तिरपी झालेली, आणि त्यात वच्छलानं खांद्यानं रेटून बसवलेलं.

"आई, बाजूला हो," सुधाकर म्हणाला. "सबल आणतो, दार तोडू."

"खबरदार!" आतून आवाज आला. "माह्या बापानं देल्लं दार हाये. घर पाडा, पन दाराले हात लावू नका!"

आता प्रणिता कळंबकडच्या शेतकऱ्याची पोरगी. ती बांधावर उभी राहून मघापासून नालीकडे पाहत होती. गोल नाली, बाहेरून बांध, आतून उतार, आणि मधोमध घर. ती अगदी सरळ मनानं म्हणाली, "मामाजी, राग येऊ देऊ नका... पण हे तर आळं झालं."

मीही पाहिलं. आणि मला दिसलं.

जन्मभर मी झाडांना आळी केली. संत्र्याला केली, लिंबाला केली, आंब्याला केली. फावडा हातात आला की हात तेच वळण घेतो. माती बाहेर टाकायची, बांध घालायचा, बुंध्याकडे उतार द्यायचा, म्हणजे पाण्याचा थेंब वाया न जाता मुळाशी जातो. डोकं नाली करत होतं आणि हात आळं करत होते. घराच्या मुळाशी मी असं पाणी पोचवलं होतं की झाड असतं तर त्याला पालवी फुटली असती.

पहिल्यांदा देवराव हसला. मग सगळी आळी हसली.

"गनपत," देवराव ओट्यावरून ओरडला, "मोहर कवा येईन बे घराले?"

"सुधाकर, शेणखत टाक रे थोडं!" दुसरा कोणी म्हणाला.

सुधाकरही हसत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्यानं खोकल्याचं सोंग केलं.

पण आत पाणी घोट्याला लागलं होतं. बांध फोडून ते बाहेर काढायचं, म्हणजे उतार फक्त एकीकडे. देवरावच्या अंगणाकडे.

मी खिडकीशी गेलो. गजांमधून पाहिलं तर वच्छला बाजेवर पाय वर घेऊन बसलेली, पिशवी मांडीवर, जणू एस. टी.ची वाट पाहत आहे.

"जिरन थोड्या वेळात," मी म्हणालो.

"देवरावभाऊजींले इचारा अन् बांध फोडा."

"कोनाले काही इचारायची गरज नाही. तुले बाहीर निघायचं हाये की नाही?"

"मले कायची घाई हाये?" ती म्हणाली. "मी निघाली की सरळ गाडीतच बसनार हाओ."

आता खोटं कायले बोलू? एक घटकाभर माझ्या मनात आलं, दार अडकलंय तर काय वाईट आहे? दार उघडत नाही तोवर ती इथं आहे. खिडकीतून चहा देऊ. (प्रणिता करेल.) भाकर देऊ. मी बाहेर खाट टाकून बसेन, ती आतून बोलेल. पावसाळा निघून जाईल, हिवाळाही जाईल.

तेवढ्यात तिनं डाव्या हातानं उजवा खांदा दाबला. मला दाखवायला नाही. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. पाणी अंगाजवळ आलं की तिचा हात आपोआप तिथं जातो, तसा गेला.

मी फावडा उचलला आणि देवरावच्या ओट्यापुढे जाऊन उभा राहिलो. अंगावरून चिखल गळत होता. मागे सगळी आळी.

"देवराव."

"बोल."

"तुह्या अंगनातून पानी..." मी फावड्याकडे पाहत पुटपुटलो.

"काय म्हनतो? ऐकू नाही आलं."

"पानी न्यायचं होतं."

"जरा मोठ्यानं बोल ना बाप्पा. कान गेले माहे."

(त्याचे कान असे आहेत की माझ्या घरात पापड मोडला तर त्याला कळतं.)

"अरे, तुह्या अंगनातून पानी नेऊ काय?" मी ओरडलो. एवढा ओरडलो की नाल्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. "इचारून राह्यलो तुले! नेऊ काय?"

देवरावचं तोंड पाहण्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि आता त्याचं करायचं काय हे त्याला समजेना. तो उठला, ओट्यावरून उतरला, आणि माझ्या हातातला फावडा काढून घेतला.

"ने ना गड्या," तो म्हणाला. "ही काय इचारायची गोष्ट हाये?"

मी त्याला तिथंच नालीत बुडवला असता, पण फावडा त्याच्या हातात होता. त्यानं स्वतः बांध फोडला. त्यालाही घाम फुटला. "लेका, घट्ट थापटला बे!" म्हणाला. आणि मग पाणी सुटलं. काय सुटलं! माझ्या नालीतून देवरावच्या अंगणात, अंगणातून नाल्याकडे, लाटा मारत. आम्ही दोघे म्हातारे बांधावर शेजारी शेजारी उभे राहून पाहत होतो. पाणी बरोबर चालताना पाहिलं की शेतकऱ्याच्या जिवाला असं बरं वाटतं की बाकी जगाचं भान राहत नाही.

भान राहिलं असतं तर दिसलं असतं की अंगणाच्या मधोमध, जुन्या लुगड्यावर, देवरावच्या बायकोच्या मुगवड्या वाळत घातल्या आहेत.

सिंधूवहिनी घरातून बाहेर आल्या तेव्हा लुगडं पाण्यावर तरंगत, डुलत, एखाद्या नवरीसारखं नाल्याकडे निघालं होतं. आणि वड्या त्याच्या पुढं.

"माय वो!" त्यांनी कपाळावर हात मारला. "वर्षाच्या वड्या माह्या! कोनं सोडलं हे पानी?"

देवरावनं फावडा हळूच माझ्या हातात परत दिला.

"यानं इचारलं होतं," तो म्हणाला.

इकडे पाणी उतरल्यावर सुधाकरनं दाराच्या खालून सबल घातली आणि दार अलगद वर उचललं. ते कुरकुरत, माझ्या नावानं काहीतरी पुटपुटत उघडलं. वच्छला बाहेर आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला. लुगड्याचा काठ ओला. सुधाकरनं गाडीचं दार उघडून धरलं.

मी वाटेत उभा होतो. मला म्हणायचं होतं, जाऊ नको. तोंड उघडलं आणि निघालं, "छत्री घेतली काय?"

तिनं आभाळाकडे पाहिलं. आभाळात ढग औषधालाही नव्हता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. केसांपासून पायापर्यंत काळा चिखल. मग तिनं सिंधूवहिनींकडे पाहिलं. त्या अंगणात खाली वाकून, चिखलातून चार-दोन राहिलेल्या वड्या वेचत होत्या.

वच्छलानं पिशवी सुधाकरच्या हातात दिली. "घरात ठेव."

"आई? निघायचं ना?"

"माह्या घरच्या पान्यानं तिच्या वर्षाच्या वड्या गेल्या. त्या करून देल्ल्याबिगर मी गावाबाहीर पाय टाकू काय? लोकं काय म्हनतीन? प्रणिता, मुगाची डाळ भिजत घाल व. असन नसन तेवढी घाल."

"अन् वड्या झाल्यावर?" मी विचारलं.

"मंग थ्या वाळवा लागतात," ती म्हणाली. "मंग मिस्त्री नाली करन, ते पाहा लागते. तुमाले एकट्याले सोडून गेली तर तुमी नाल्याचं पानी उलटं घरात आनसान."

आता तुम्हीच सांगा. जी बाई माझ्या नालीनं थांबली नसती, ती नालीनं केलेल्या नासाडीमुळे थांबली. याला मी माझी नाली यशस्वी झाली असं म्हटलं तर सुधाकर हसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री नळी घेऊन आला. नळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं सुधाकरच्या. मला कोणी काही विचारलं नाही. मला मागच्या अंगणात यायलाच मनाई होती. मी देवरावच्या अंगणात बसलो होतो, पुढ्यात पाटा-वरवंटा. सिंधूवहिनींचं म्हणणं असं की मिक्सरच्या डाळीची वडी बसकी होते, आणि ज्यानं वड्या बुडवल्या त्यानंच डाळ वाटायची. शेजारी वच्छला आणि प्रणिता धुतलेलं लुगडं अंथरत होत्या. वच्छला माझ्याकडे पाहत नव्हती, पण चहा तिनंच आणून दिला होता. दोन वेळा.

डाळ फार घट्ट होती. वरवंटा पुढं सरकेना. मी बाजूचा पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि विचारलं (आता मला विचारायची सवय लागली होती), "थोडं पानी घालू काय?"

वच्छला, प्रणिता, सिंधूवहिनी, ओट्यावरचा देवराव, भिंतीपलीकडचा सुधाकर आणि एकदाच चहा पिऊन गेलेला तो मिस्त्रीसुद्धा, सगळे एकदम ओरडले, "पान्याले हात लावू नका!"

मी दचकून तांब्या पटकन खाली टेकवला, तो कलंडला आणि पाणी सरळ अंथरलेल्या लुगड्यावर गेलं. त्यानंतर ते लुगडं मी स्वतः पिळलं, आणि वच्छला सांगेल तिथं नव्यानं वाळत घातलं.